पदार्थांचे बारसे करणारा लव्हाझिए

पोटाचा किंवा आतड्याचा विकार नेमका कुठे आहे हे एक्स-रेमध्ये पाहायचे असेल, तर काही वेळा रुग्णाला आधी एक पांढरे, दाट औषध प्यायला देतात. चवीला ते खडू कालवल्यासारखे लागते. हे औषध म्हणजे बेरियम सल्फेट. ते पाण्यात विरघळत नाही आणि पोटातल्या आम्लातही विरघळत नाही. त्यामुळे ते रक्तात जात नाही, क्ष-किरण अडवते, आतड्याची आकृती चित्रात उमटवते आणि शौचावाटे बाहेर पडते. आता याच नावातला शेवटचा तुकडा बदला आणि बेरियम सल्फाइड म्हणा. हे वीष आहे. ते विरघळते, त्यातले बेरियम रक्तात उतरते आणि स्नायू व हृदय यांच्या कामात बिघाड करते. एकाच धातूची आणि एकाच गंधकाची ही दोन संयुगे. पहिल्यात गंधकाच्या जोडीला ऑक्सिजन आहे, दुसऱ्यात नाही. एवढी मोठी गोष्ट सांगायची जबाबदारी नावाच्या शेवटच्या दोन अक्षरांवर आहे.

नावाने पदार्थाची घडण सांगावी, ही शिस्त रसायनशास्त्राला 1787 साली पॅरिसमध्ये लागली. ती लावणाऱ्या चौघांमध्ये प्रमुख होता आंत्वान लव्हाझिए. आधुनिक रसायनशास्त्राचा जनक म्हणून शाळेच्या पुस्तकात त्याचे नाव येते, द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम त्याच्या नावावर सांगितला जातो. पण हा माणूस पेशाने रसायनज्ञ नव्हता. त्याचे शिक्षण वकिलीचे, उत्पन्न करवसुलीचे आणि रसायनशास्त्र सकाळ-संध्याकाळच्या मोकळ्या वेळातले. त्या करवसुलीनेच शेवटी त्याचा बळी घेतला.

वकिलाचा मुलगा

लव्हाझिएचा जन्म 26 ऑगस्ट 1743 रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील वकील, घर सुखवस्तू. तो पाच वर्षांचा असताना आई गेली आणि तिच्या बाजूची मोठी मालमत्ता त्याच्या वाट्याला आली. घरच्या रिवाजाप्रमाणे त्याने कायद्याची पदवी घेतली. पण वकिली मात्र केली नाही. शिकत असतानाच त्याला खगोल, वनस्पती, खनिजे आणि रसायने यांच्या व्याख्यानांची गोडी लागली होती. भूगर्भशास्त्रज्ञ गेतार यांच्याबरोबर तो फ्रान्सच्या खनिजांची पाहणी करत हिंडला. मोठ्या शहरातले रस्ते रात्री कसे उजळावेत, या विषयावरच्या निबंधासाठी 1766 मध्ये त्याला राजाकडून सुवर्णपदक मिळाले. 1768 मध्ये, वयाची पंचविशी पूर्ण होण्याआधीच, फ्रान्सच्या विज्ञान अकादमीत त्याची निवड झाली.

त्याच वर्षी त्याने आणखी एक गोष्ट केली. ‘फेर्म जनराल’ या संस्थेत पैसे गुंतवून तो भागीदार झाला. ही खासगी धनिकांची मंडळी होती. राजाला ठरलेली रक्कम आगाऊ द्यायची आणि मीठ, तंबाखू, शहरात येणारा माल यांवरचे कर जनतेकडून वसूल करायचे, असा हा मक्ता होता. वसूल केलेल्या जादा रकमेतून भागीदार गबर होत. मिठावरच्या कराने तर गोरगरीब पिचून गेले होते. लोक या मक्तेदारांचा मनापासून द्वेष करत. लव्हाझिएला मात्र त्यात प्रयोगशाळेच्या खर्चाची कायमची सोय दिसली. त्या काळी संशोधनासाठी अनुदान वगैरे मिळत नसे. उत्तम तराजू आणि काचेची उपकरणे स्वतःच्या खिशातूनच घ्यावी लागत.

1771 मध्ये त्याचे लग्न झाले, तेही या संस्थेतल्याच एका भागीदाराच्या, झाक पोल्झ यांच्या मुलीशी. मारी-आन तेव्हा अवघी 13 वर्षांची होती आणि तो 28 वर्षांचा. त्या काळच्या श्रीमंत घरातली ही नुसती सोयरीक ठरली असती. पण मारी-आनने प्रयोगशाळेत आपली जागा स्वतः तयार केली. लव्हाझिएला इंग्रजी येत नव्हते, म्हणून ती इंग्रजी शिकली आणि ब्रिटिश रसायनज्ञांचे लेखन त्याला फ्रेंचमध्ये करून देऊ लागली. प्रसिद्ध चित्रकार दाविद यांच्याकडे चित्रकलेचे धडे घेऊन तिने उपकरणांच्या अचूक आकृत्या काढल्या. प्रयोग चालू असताना टिपणे घेण्याचे कामही ती करत असे.

तराजूची साक्ष

लव्हाझिए या क्षेत्रात आला तेव्हा रसायनशास्त्राची अवस्था काय होती? पृथ्वी, पाणी, वायू आणि अग्नी हीच मूलतत्त्वे, हा ग्रीकांचा विचार दोन हजार वर्षांनंतरही पुरता गेला नव्हता. पाणी पुष्कळ वेळ उकळले की भांड्यात थोडा मातकट साका राहतो, यावरून पाण्याची माती होते असे अनेक जाणकार मानत. लव्हाझिएने बंद काचपात्रात पाणी घेऊन ते 101 दिवस सतत तापवले. सुरुवातीला आणि शेवटी त्याने पात्राचे आणि पाण्याचे काळजीपूर्वक वजन केले. पाण्याचे वजन घटले नव्हते, पात्राचे घटले होते. साका काचेतून आला होता. माती झाली होती ती काचेची, पाण्याची नव्हे.

हीच त्याची पद्धत. आत जाणारे सगळे तोलायचे, बाहेर येणारे सगळे तोलायचे, आणि निसटून जाणारा वायूसुद्धा पकडून तोलायचा. सावकाराच्या खातेवहीसारखी जमा आणि खर्च दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत. जुळल्या नाहीत तर कुठेतरी काहीतरी नजरेआड राहिले आहे. द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम त्याच्या हातात असा रोजच्या वापरातला होता.

ज्वलनाच्या कोड्यावरही त्याने हाच तराजू चालवला. जळणाऱ्या प्रत्येक वस्तूत ‘फ्लॉजिस्टन’ नावाचे तत्त्व असते आणि जळताना ते बाहेर पडते, असे तेव्हाचे मत होते. लाकूड जळून मूठभर राख उरते, हे पाहता ते पटण्यासारखेही होते. पण धातू हवेत तापवले की त्यांचे जे भस्म होते, ते मूळ धातूपेक्षा जड भरते. गंधक आणि फॉस्फरस जाळले तर तयार होणारे पदार्थही जड असतात, हे लव्हाझिएने 1772 मध्ये दाखवले. काही बाहेर पडत असेल तर वजन वाढेल कसे? म्हणजे जळताना वस्तू हवेतून काहीतरी घेत असली पाहिजे. ते काय, हे मात्र त्याला तेव्हा सांगता येत नव्हते.

उत्तराचा धागा इंग्लंडमधून आला. जोसेफ प्रीस्टली याने ऑगस्ट 1774 मध्ये पाऱ्याचे लाल भस्म भिंगाने तापवून एक वायू मिळवला होता, ज्यात मेणबत्ती झगझगीत जळत असे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो पॅरिसला आला आणि लव्हाझिएच्या घरी जेवताना त्याने ही हकिकत सांगितली. स्वीडनच्या शेले यानेही हा वायू स्वतंत्रपणे मिळवला होता. लव्हाझिएने यावर जो प्रयोग रचला तो आजही रसायनशास्त्राच्या इतिहासात आवर्जून सांगितला जातो. चार औंस पारा त्याने बारा दिवस तापवत ठेवला. भांड्यात सुमारे 50 घनइंच हवा होती. पाऱ्यावर लाल भस्माचा थर आला आणि हवा सुमारे 42 घनइंचांवर आली. उरलेल्या हवेत मेणबत्ती विझे आणि प्राणी गुदमरत. मग तेच लाल भस्म त्याने जास्त तापवले. पारा परत मिळाला आणि सात ते आठ घनइंच वायू बाहेर पडला. हा वायू उरलेल्या हवेत मिसळला तेव्हा पुन्हा साधी हवा तयार झाली.

हिशेब पूर्ण जुळला होता. हवा हे मूलतत्त्व नव्हते, ते वायूंचे मिश्रण होते. जळणे म्हणजे त्यांतल्या एका वायूशी संयोग होणे. प्रीस्टलीने हा वायू मिळवला होता. त्याचा अर्थ लव्हाझिएला लागला. मात्र या शोधाची हकिकत लिहिताना लव्हाझिएने प्रीस्टलीचे ऋण मोकळेपणाने मान्य केले नाही. त्याच्या चरित्रातला हा उणेपणा खराच आहे.

पुढे पाण्याचीही पाळी आली. इंग्लंडमध्ये कॅव्हेंडिश याला ज्वलनशील वायू जाळल्यावर पाणी मिळाले होते. लव्हाझिए आणि गणितज्ञ लाप्लास यांनी जून 1783 मध्ये हा प्रयोग केला. त्यानंतर लव्हाझिएने उलटा मार्गही धरला. लालबुंद तापवलेल्या बंदुकीच्या लोखंडी नळीतून पाण्याची वाफ सोडली. ऑक्सिजन लोखंडाने धरून ठेवला आणि ज्वलनशील वायू दुसऱ्या टोकातून बाहेर आला. पाणी फोडता येते आणि पुन्हा जोडताही येते, म्हणजे पाणी हे मूलद्रव्य नसून संयुग आहे. चार मूलतत्त्वांचा जुना डोलारा इथे कोसळला.

लोण्याचे वीष, शिशाची साखर

कल्पना बदलल्या, पण भाषा जुनीच होती. तेव्हाच्या रसायनांची नावे पाहिली तर ती कुठल्या स्वयंपाकघरातली की पत्रिकेतली, असा प्रश्न पडावा. किमयागारांनी प्रत्येक धातू एकेका ग्रहाला वाहिला होता. तांबे शुक्राचे, लोखंड मंगळाचे, शिसे शनीचे. म्हणून लोखंडाच्या एका भस्माला मंगळाचे केशर म्हणत. जस्ताच्या पांढऱ्या भस्माला जस्ताची फुले म्हणत. अँटिमनीचे लोणी नावाचा पदार्थ होता. तो कातडी जाळणारा दाहक पदार्थ होता. शिशाची साखर चवीला खरोखर गोड लागे आणि शिशाचे वीष अंगात भिनवी. एखादे मीठ एप्सम या गावाच्या नावाने, तर दुसरे ग्लाउबर या माणसाच्या नावाने ओळखले जाई. एकाच पदार्थाला चार नावे आणि एका नावाचे दोन पदार्थ, असाही घोळ होता. औषधे बनवणाऱ्याला हे सगळे पाठ करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

हा प्रकार मराठी वाचकाला परका वाटू नये. मोरचूद, हिराकस, तुरटी, नवसागर, सोरा, हिंगूळ ही नावे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. द्राक्षबागेवर बोर्डो मिश्रण फवारणारा नाशिकचा शेतकरी मोरचूद म्हणजे काय हे नीट ओळखतो. पण मोरचुदात तांबे आहे आणि हिराकशीत लोखंड आहे, हे त्या नावांवरून कळत नाही. दोन्हींत गंधक आहे, हे तर मुळीच नाही. कॉपर सल्फेट आणि फेरस सल्फेट म्हटले की दोन्ही गोष्टी एका दमात कळतात, शिवाय दोघांचे नातेही कळते.

या गोंधळावर पहिला उपाय सुचवला दिजाँ गावच्या गिताँ द मॉर्व्हो याने, 1782 मध्ये. तोही पेशाने वकीलच. त्यानंतर लव्हाझिए, बेर्तोले आणि फूरक्र्वा हे तिघे त्याला मिळाले. 18 एप्रिल 1787 रोजी लव्हाझिएने अकादमीपुढे या सुधारणेची भूमिका मांडली आणि त्याच वर्षी चौघांचे रसायनांच्या नामकरण-पद्धतीवरचे पुस्तक निघाले. जुने नाव आणि नवे नाव समोरासमोर देणारा कोशही त्यात होता.

पद्धत सोपी होती. जो पदार्थ आणखी फोडता येत नाही, त्याला एक साधे नाव. दोन पदार्थांच्या संयोगातून झालेल्याला दोघांची नावे जोडून नाव. मग ऑक्सिजनचे प्रमाण शेवटच्या अक्षरांनी सांगायचे. गंधकाच्या ज्या आम्लात ऑक्सिजन जास्त ते सल्फ्युरिक, ज्यात कमी ते सल्फ्युरस. पहिल्यापासून होणारे क्षार सल्फेट, दुसऱ्यापासून होणारे सल्फाइट. आणि ऑक्सिजनशिवाय गंधक थेट धातूशी जोडले गेले तर त्यासाठी वेगळा शेवट, ज्याला आज आपण सल्फाइड म्हणतो. हाच नियम नत्राला लावला की नायट्रेट आणि नायट्राइट. फॉस्फरसला लावला की फॉस्फेट आणि फॉस्फाइट. मूठभर नावे आणि चार-पाच शेवट पाठ केले की शेकडो पदार्थांची ओळख पटते. शुक्राचे व्हिट्रिऑल तांब्याचे सल्फेट झाले, एप्समचे मीठ मॅग्नेशियाचे सल्फेट झाले, ग्लाउबरचे मीठ सोड्याचे सल्फेट झाले. तिघे एकाच कुळातले आहेत, हे पहिल्यांदा नावातच दिसले.

वायूंनाही नावे मिळाली. ज्वलनशील वायूला पाणी जन्माला घालणारा, म्हणजे हायड्रोजन. मराठीत त्याला उद्जन म्हणतात. ‘उद’ म्हणजे पाणी, तेव्हा अर्थ अगदी तोच. हवेतल्या ज्या भागात जीव तगत नाही त्याला लव्हाझिएने आझोत, म्हणजे निर्जीव, असे म्हटले. फ्रेंच भाषेत हा शब्द आजही आहे. इतरत्र पुढे नायट्रोजन हे नाव रूढ झाले. आणि ज्वलनाला लागणाऱ्या वायूला त्याने नाव दिले ऑक्सिजन, म्हणजे आम्ल निर्माण करणारा.

इथे तो चुकला. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असलाच पाहिजे, असे त्याला वाटत होते. आपल्या जठरात तयार होणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा अंशही नाही. ज्या वायूला ऑक्सिजनचे संयुग समजले जात होते तो क्लोरिन स्वतःच मूलद्रव्य आहे, असे इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीने 1810 मध्ये दाखवून दिले. नाव घडण सांगते असा आग्रह धरणाऱ्याच्याच सर्वांत प्रसिद्ध नावात चूक राहिली, आणि तोवर नाव इतके रुळले होते की ते बदलले नाही. गंमत अशी, की ऑक्सिजन हा शब्द ठरण्याआधी लव्हाझिए या वायूला जीवनदायी हवा या अर्थाच्या शब्दाने ओळखत असे. मराठीतला प्राणवायू हा शब्द त्याच अर्थाचा आहे.

श्वासातली मंद आग

प्राणवायू या शब्दामागचे विज्ञानही लव्हाझिएनेच उलगडले. 1782-83 च्या हिवाळ्यात त्याने आणि लाप्लासने एक उपकरण तयार केले. आत एक कप्पा, भोवती बर्फ. आतल्या वस्तूतून जितकी उष्णता बाहेर पडेल तितका बर्फ वितळेल आणि वितळलेले पाणी तोलून उष्णता मोजता येईल. त्यांनी आत एक गिनिपिग ठेवले. दहा तासांत सुमारे 13 औंस बर्फ वितळला. तेवढाच कर्बवायू देणारा कोळसा जाळला तर किती बर्फ वितळतो, हेही त्यांनी मोजले. दोन्ही आकडे बरेच जवळ आले. श्वसन हे एक मंद ज्वलनच आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. शरीर ऊबदार का राहते, या जुन्या प्रश्नाला पहिल्यांदाच मोजमापाचे उत्तर मिळाले.

त्यानंतर त्याचा तरुण सहकारी सेगँ स्वतःच प्रयोगाचा विषय झाला. तोंडावर मुखवटा बांधून तो बसे आणि तो किती प्राणवायू वापरतो हे मोजले जाई. स्वस्थ बसल्यावर, थंडीत, जेवणानंतर आणि पायाने वजन उचलताना अशी निरनिराळी मापे घेतली गेली. थंडीत, जेवणानंतर आणि श्रम करताना प्राणवायूचा खप वाढतो, हे त्यातून दिसले. मारी-आनने काढलेल्या चित्रांत हे प्रयोग आजही पाहायला मिळतात. त्यांतल्या एकात टेबलाशी बसून टिपणे घेणारी ती स्वतःही आहे. आज रुग्णालयात किंवा खेळाडूंच्या चाचणीत माणसाची चयापचयाची गती मोजतात, त्या मोजणीची सुरुवात इथली.

या प्रयोगांवरून लव्हाझिएने एक सामाजिक टिपणही केले. जो अंगमेहनत करतो त्याच्या शरीराचे इंधन जास्त जळते, आणि त्यालाच पुरेसे खायला मिळत नाही. जो आरामात बसतो त्याच्याकडे मात्र गरजेपेक्षा जास्त असते. मिठावरचा कर गोळा करणाऱ्या संस्थेचा भागीदार हे लिहीत होता, ही विसंगती नजरेआड करता येत नाही. मात्र 1788 मध्ये त्याच्या शेतीवाडीच्या भागात, ब्लोआ आणि रोमोरांतँ या गावांत धान्याची टंचाई झाली, तेव्हा त्याने गावांना बिनव्याजी पैसे दिले होते, हेही खरे.

तेहतीस नावांची यादी

1789 मध्ये लव्हाझिएचे रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातली आकृत्यांची पाने मारी-आनने केली होती. मूलद्रव्य म्हणजे काय, याची नवी व्याख्या त्यात होती. विश्व कशाचे बनले आहे याची चर्चा बाजूला ठेवून त्याने एवढेच सांगितले, की कुठल्याही उपायाने आजवर ज्याचे आणखी तुकडे करता आले नाहीत ते मूलद्रव्य मानावे. उद्या कुणी तुकडे केले तर ते यादीतून काढावे. व्याख्येतच दुरुस्तीला जागा ठेवली होती.

या यादीत 33 नावे होती. ऑक्सिजन, हायड्रोजन, गंधक, कार्बन, सोने, चांदी, लोखंड, तांबे, पारा यांच्याबरोबर त्यात प्रकाश आणि उष्णताही होती, जी द्रव्येच नाहीत. चुना, मॅग्नेशिया आणि बॅराइटा ही ‘मृदा’ही होती; मात्र ही बहुधा धातूंची संयुगे निघतील, अशी शंका त्याने तेव्हाच नोंदवली होती. 1808 मध्ये डेव्हीने विजेच्या साह्याने चुन्यातून कॅल्शियम आणि बॅराइटातून बेरियम वेगळे केले आणि ती शंका खरी ठरली. आज मूलद्रव्यांची संख्या 118 आहे, पण यादीत नाव घालण्याची आणि काढण्याची कसोटी प्रयोगाचीच राहिली आहे.

माथ्यावरचा शिक्का

पाठ्यपुस्तक निघाले त्याच वर्षी फ्रेंच राज्यक्रांती सुरू झाली. लव्हाझिए सुधारणावादी होता. 1775 पासून तो सरकारी दारूगोळा खात्याचा एक संचालक होता. सोऱ्यासाठी लोकांची तळघरे खणण्याचा जुना जाच त्याने कमी केला होता आणि फ्रान्सची बंदुकीची दारू उत्तम दर्जाची केली होती. वजन-मापांची दशमान पद्धत तयार करणाऱ्या आयोगातही तो काम करत होता. ठरावीक आकारमानाच्या पाण्याचे अचूक वजन करून एकक ठरवण्याचे काम त्याच्याकडे होते.

पण लोकांच्या लेखी तो मिठाचा कर घेणाऱ्यांपैकी एक होता. मालाची चोरटी आयात थांबवण्यासाठी पॅरिसभोवती तट बांधावा, ही सूचना त्याची होती, आणि त्या तटाचा शहराला संताप होता. क्रांतीचा आक्रमक पत्रकार मारा हा एके काळी अग्नीवरचे आपले संशोधन घेऊन अकादमीच्या दारी आला होता आणि लव्हाझिएने त्याला मान्यता मिळू दिली नव्हती. 1791 मध्ये माराने त्याच्यावर तुटून पडताना पॅरिसची हवा कोंडल्याचा आरोपही केला. हवा म्हणजे काय हे ज्याने शोधले, त्याच्यावर हा आरोप!

ऑगस्ट 1793 मध्ये अकादमी बंद करण्यात आली. नोव्हेंबरमध्ये सगळ्या माजी करमक्तेदारांना अटक करण्याचा हुकूम निघाला. लव्हाझिए काही दिवस लपला आणि मग सासऱ्यासह स्वतःहून हजर झाला. वजन-मापे आयोगाने त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला, तो फेटाळला गेला. नामकरणाच्या कामातले त्याचे दोन साथी, गिताँ द मॉर्व्हो आणि फूरक्र्वा, तेव्हा क्रांतीच्या सत्ताधारी सभागृहाचे सदस्य होते. फूरक्र्वा तर माराच्या मृत्यूने रिकाम्या झालेल्या जागीच सभागृहात आला होता. दोघांकडूनही त्याचा बचाव झाला नाही. मारी-आन तुरुंगात भेटीला जात राहिली, लोकांच्या पायऱ्या झिजवत राहिली. लव्हाझिए कोठडीत बसून आपले शोधनिबंध छापण्यासाठी लावत होता.

8 मे 1794 रोजी खटला चालला. शत्रूशी संगनमत आणि जनतेची लूट असे आरोप होते; तंबाखूत पाणी घालून वजन वाढवल्याचाही त्यात समावेश होता. ज्याने आयुष्यभर वजनाचा हिशेब चोख ठेवला त्याच्या वजनाबद्दलची ही तक्रार कुणी तोलून पाहिली नाही. त्याच दिवशी 28 जणांना गिलोटिनखाली नेण्यात आले. सासरे पोल्झ यांच्यानंतर लगेच लव्हाझिएची पाळी आली. त्याचे वय 50 होते. मृतदेह इतरांबरोबर सामुदायिक खड्ड्यात पुरले गेले. ज्याच्याकडून प्राणवायूचा धागा मिळाला तो प्रीस्टलीही राजकीय द्वेषापासून सुटला नव्हता. 1791 मध्ये बर्मिंगहॅमच्या जमावाने त्याचे घर जाळले होते. लव्हाझिएचा शिरच्छेद झाला तेव्हा तो इंग्लंड कायमचे सोडून अमेरिकेकडे जाणाऱ्या जहाजावर होता.

मारी-आनलाही काही काळ तुरुंगात राहावे लागले. घरातली उपकरणे, कागदपत्रे जप्त झाली होती. वातावरण निवळल्यावर, 1795 मध्ये, ती तिला परत मिळाली आणि लव्हाझिएला चुकीने शिक्षा झाल्याचे मान्य केले गेले. तिने त्याचे तुरुंगात लावलेले निबंध छापून घेतले आणि पुढे स्वतः ते निरनिराळ्या देशांतल्या शास्त्रज्ञांना पाठवले. पुस्तकात पतीच्या खुनाला जबाबदार मानलेल्यांची नावे घेणारी आपली प्रस्तावना तिने अखेर छापली नाही. 1836 मध्ये ती वारली. प्रयोगशाळेतली बरीच उपकरणे आज पॅरिसच्या तंत्रकला संग्रहालयात आहेत.

चौघांनी बांधलेली नामकरणाची चौकट पुढे वाढत गेली. स्वीडनच्या बर्झेलियसने मूलद्रव्यांना अक्षरांची चिन्हे दिली. 1919 पासून रसायनांची नावे ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था काम करते आहे. नवी संयुगे आली, नियम वाढले. पण नावाने घडण सांगायची, ही मूळ अट तशीच आहे. म्हणूनच एक्स-रे विभागात बाटली हातात घेणारा तंत्रज्ञ लेबलवरचे पूर्ण नाव, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत, वाचतो. औषधाच्या दुकानात किंवा फवारणीची पुडी घेताना हीच सवय आपणही लावून घ्यावी. त्या शेवटच्या अक्षरांत, ते किती विचारपूर्वक ठरवले गेले हे माहीत नसले तरी, आपल्या जिवाशी संबंध असलेली माहिती असते.